रजोनिवृत्तीनंतरचा स्तनकर्करोग : रोजच्या संप्रेरकरोधक गोळीचे महत्त्व

शस्त्रक्रिया पार पडली, केमोथेरपी आणि किरणोपचार संपले, प्रकृती सुधारली. यानंतर डॉक्टर रोज एक लहानशी गोळी लिहून देतात आणि ती किमान पाच वर्षे घ्यावयास सांगतात. अनेक भगिनींच्या मनात येते, ‘आता बरे वाटते आहे, मग गोळी कशासाठी?’ काही काळाने सांधे दुखू लागतात आणि गोळी परस्पर बंद केली जाते. असे होऊ नये, यासाठी रुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांकरिता ही माहिती देण्यात येत आहे.

गोळीचे कार्य

स्तनाच्या अनेक कर्करोगांच्या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात. गाठीच्या तपासणी अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘पीआर पॉझिटिव्ह’ असा उल्लेख असल्यास रोग संप्रेरक-संवेदनशील आहे, असे समजावे. हा उल्लेख नसलेल्या रोगात या गोळीचा उपयोग होत नाही. म्हणून हा अहवाल कायम जपून ठेवावा.

रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांतून इस्ट्रोजेन तयार होणे जवळजवळ थांबते. तरीही शरीरात ते अल्प प्रमाणात तयार होतच राहते. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींतून येणाऱ्या संप्रेरकांचे चरबी, स्नायू इत्यादी ऊतींमध्ये इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते. हे रूपांतर अरोमाटेज नावाचे विकर घडवून आणते. या विकरास रोखणाऱ्या औषधांना अरोमाटेज-रोधक म्हणतात. लेट्रोझोल (२.५ मिलिग्रॅम), अ‍ॅनास्ट्रोझोल (१ मिलिग्रॅम) आणि एक्झिमेस्टेन (२५ मिलिग्रॅम) ही त्यांपैकी प्रचलित औषधे होत. यांपैकी कोणतेही एकच औषध, दिवसातून एकदा घ्यावयाचे असते.

टॅमॉक्सिफेन हे जुने व आजही उपयुक्त औषध निराळ्या रीतीने काम करते. ते इस्ट्रोजेनची निर्मिती थांबवीत नाही, तर त्यास स्तनाच्या कर्करोगपेशींवर कार्य करू देत नाही. रजोनिवृत्तीनंतरच्या रुग्णांत अरोमाटेज-रोधक अधिक परिणामकारक आढळले आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३२ हजार स्त्रियांवरील चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत दहा वर्षांतील स्तनकर्करोगाच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते, तर पाच वर्षे अरोमाटेज-रोधक घेणाऱ्यांत ते सुमारे १२ टक्के होते.

बरे वाटत असतानाही गोळी का?

शस्त्रक्रियेनंतर काही सूक्ष्म कर्करोगपेशी शरीरात राहू शकतात. त्या तपासणीत दिसत नाहीत आणि त्यांचा त्रासही जाणवत नाही. संप्रेरक-संवेदनशील रोग अनेक वर्षांनंतरही उलटू शकतो. गोळी या पेशींचे पोषण तोडते. गोळी बंद करताच इस्ट्रोजेनची निर्मिती पुन्हा सुरू होते. काही रुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ उपचार लागतो. तो निर्णय डॉक्टर घेतात.

त्रास आणि त्यांवरील उपाय

सांधेदुखी व सकाळचा ताठरपणा : हा सर्वांत सामान्य त्रास आहे. ‘वय झाले’ असे म्हणून तो सोसू नये आणि त्यासाठी गोळीही सोडू नये. नियमित चालणे व व्यायाम यांनी आराम पडतो. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. एक औषध सोसले नाही, तर डॉक्टर त्याच गटातील दुसरे औषध किंवा टॅमॉक्सिफेन देऊ शकतात.

हाडांची झीज : उपचाराच्या प्रारंभी आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. दूध, दही, नाचणी, तीळ व पालेभाज्या आहारात असाव्यात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा हाडे बळकट करणारे औषध डॉक्टर देतील. असे औषध सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करावी.

अंगातून वाफा येणे व योनिमार्गाचा कोरडेपणा : यांविषयी बोलण्याचा संकोच बाळगू नये. इस्ट्रोजेनयुक्त मलम किंवा गोळी स्वतःहून वापरू नये. संप्रेरकविरहित वंगण उपलब्ध असते.

गोळी घेताना

• रोज ठरावीक वेळी घ्यावी. एक्झिमेस्टेन जेवणानंतर घ्यावे. लेट्रोझोल व अ‍ॅनास्ट्रोझोल उपाशीपोटीही चालतात. उपवासाच्या दिवशी गोळी टाळू नये.
• एखादी गोळी राहिल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.
• प्रवासास निघताना पुरेशा गोळ्या सोबत घ्याव्यात.
• अन्य कोणत्याही पद्धतीचे औषध किंवा काढा घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे.
• बरे वाटत असले तरी नियमित तपासणी व मॅमोग्राफी चुकवू नये.

विशेष सूचना : केमोथेरपीमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झालीच, असे नाही. बीजांडकोश कार्यरत असताना ही गोळी एकटी पुरेशी ठरत नाही. पाळी पुन्हा आल्यास किंवा योनिमार्गातून रक्तस्राव झाल्यास त्वरित डॉक्टरांना कळवावे. नवी गाठ, हाडांतील न थांबणारी वेदना, अस्थिभंग किंवा धाप लागणे, यांसाठीही पुढील तारखेची वाट पाहू नये.

खर्चामुळे उपचार थांबू नये

लेट्रोझोल व टॅमॉक्सिफेन ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहेत. जेनेरिक औषधांसाठी जवळच्या जनौषधी केंद्रात किंवा अमृत औषधालयात चौकशी करावी. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या लाभाविषयी १४५५५ या क्रमांकावर माहिती मिळते.

कुटुंबीयांनी गोळीची आठवण ठेवावी, त्रासाची विचारपूस करावी आणि तपासणीस सोबत जावे. गोळी सोडण्याचा विचार मनात आला, तर ती सोडण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. बहुतेक त्रासांवर उपाय आहे. उलटलेल्या रोगावरील उपचार मात्र अधिक कठीण असतात.