दोन वर्षांचा परवाना आणि मेहनतीचा हिशेब

हातात हुन्नर आहे पण नावावर कागद नाही, अशा माणसाच्या मेहनतीला बाजारात काय भाव मिळतो? अमेरिकेतील एका पिढीचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

लहानपणी आई-वडिलांबरोबर तेथे गेलेली ही मुले. त्यांत मेक्सिकोची सर्वाधिक. १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्यांना सरकारी शाळेत शिकता आले. मात्र शाळा संपली की कायदेशीर नोकरी नाही. रोखीची मजुरी आणि मालक देईल तो भाव, एवढेच उरे.

१५ जून २०१२ रोजी अध्यक्ष ओबामा यांच्या सरकारने ‘डीएसीए’ ही योजना जाहीर केली. वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी आलेल्या आणि जून २००७ पासून तेथेच राहणाऱ्या पात्र तरुणांना दोन वर्षांचा कामाचा परवाना मिळू लागला. त्याचे नूतनीकरण करता येते. नागरिकत्व मात्र मिळत नाही. आजवर आठ लाखांहून अधिक तरुणांनी याचा लाभ घेतला.

परवाना मिळताच काय बदलले? चोरून काम करण्याची गरज संपली. शिक्षणाला साजेशी नोकरी शोधता आली, मालकाशी पगाराची बोलणी करता आली. पगारातून कर कापला जाऊ लागला. सामाजिक सुरक्षा निधीसाठी कामगाराचे ६.२ टक्के, तेवढेच मालकाचे.

कर-धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेचा अंदाज पाहा. कागदपत्रे नसलेल्या सर्व वयाच्या स्थलांतरितांनी २०२२ साली सुमारे ९,६७० कोटी डॉलर कर भरला. सर्वांना कामाचा परवाना दिला, तर त्यात वर्षाला ४,०२० कोटी डॉलरची भर पडेल. माणसे तीच, फरक फक्त कागदाचा!

पण हा कागद कच्चा आहे. २०१७ साली ट्रम्प सरकारने योजना बंद करण्याचा निर्णय घेतला; २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. २०२१ साली टेक्सासमधील न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करण्यास मनाई केली. शिवाय २००७ ची अट असल्याने आज शाळेतून बाहेर पडणारी बहुतेक मुले पात्रच ठरत नाहीत. व्हिसावर गेलेल्या भारतीय कुटुंबांतील मुलांनाही योजना लागू नाही. एकविसाव्या वर्षी पालकांच्या व्हिसाचा आधार सुटला की त्यांच्यापुढेही प्रश्न उभा राहतो.

परवान्याची मुदत दोन वर्षांची आणि दुकानाचा भाडेकरार पाच वर्षांचा, तर गाळा कोणत्या भरवशावर घ्यावा? मेहनतीला संधी लागते, तशी मुदतीची खात्रीही लागते. भांडवल गुंतवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.