इनटेक मॅनिफोल्डची झडप : आधी तपास, मग पार्ट

हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या गॅरेजात एखादी जुनी पण महागडी मोटार "पिकअप नाही" म्हणून येते. स्कॅनर लावला की इनटेक मॅनिफोल्डचा कोड दिसतो आणि लगेच अख्खे मॅनिफोल्ड बदलण्याचा सल्ला दिला जातो. गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि दोष दुसरीकडे असला तर तो तसाच राहतो. मिस्त्रीचे नाव मात्र खराब होते. म्हणून या तपासाचा क्रम आज आपण पाहू.

कमी फेऱ्यांवर हवेची वाट लांब असली तर सिलिंडर चांगला भरतो, जास्त फेऱ्यांवर आखूड वाट बरी. अनेक पेट्रोल इंजिनांत ही वाट झडपेने बदलतात. झडप आखूड वाटेवर अडकली तर गाडी सुरुवातीला ओढत नाही. लांब वाटेवर अडकली तर गावात ठीक चालते, पण वेगात दम संपतो. डिझेल इंजिनात अशाच झडपा हवेला भोवरा देतात. तेथे काजळी आणि तेलाचा चिकटा जमून त्या अडकतात.

प्रथम एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे पाईप पाहून घ्यावेत. पिकअप त्यांच्यामुळेही जातो. मग कोड वाचावा. पी 2004 म्हणजे झडप उघडी अडकली, पी 2006 म्हणजे बंद अडकली, पी 2015 म्हणजे झडपेची जागा सांगणाऱ्या सेन्सरचे माप बसत नाही.

व्हॅक्यूमवर चालणारी झडप असेल तर पाईप चिरला आहे का ते पाहावे. हातपंपाने डायफ्रॅमला पाऱ्याचे सुमारे 500 मिलिमीटर व्हॅक्यूम द्यावे. दांडी हलली आणि काटा मिनिटभर टिकला तर डायफ्रॅम चांगला. काटा उतरला तर तो फाटला आहे. नंतर सोलेनॉइडचा प्लग काढून, चावी चालू ठेवून 12 व्होल्ट येतात का ते मोजावे. कॉइलचे ओहम कंपनीच्या पुस्तकाशी ताडावेत. शेवटी दांडी सोडून झडप हाताने फिरवावी. जड फिरली तर मॅनिफोल्ड उतरवून साफ करावे. ते प्लास्टिकचे असल्यास पेचकसाने खरवडू नये.

फोक्सवॅगन समूहाच्या 2.0 लिटर टीडीआय इंजिनात झडप विजेच्या मोटरवर चालते. तेथे पी 2015 हा कोड जगभरच्या मिस्त्रींच्या परिचयाचा आहे. कोड सेन्सरचे नाव घेतो, पण पुष्कळदा दांडीची अटक झिजून ती मर्यादेपलीकडे गेलेली असते. अशा वेळी दांडीला आडवी येणारी धातूची छोटी पट्टी बाजारात मिळते. ती बसवून काम भागते आणि मॅनिफोल्डचा खर्च वाचतो.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. झडपेचा दांडा खिळखिळा होऊन खडखडत असेल तर मॅनिफोल्ड बदलावेच. झडपेचा तुकडा किंवा स्क्रू सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह फुटतात.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी औंढा रस्त्यावर चालवून पाहावी आणि पुन्हा स्कॅन करावी. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि काय तपासले ते बिलावर लिहावे. कोड फक्त कोठे पाहायचे ते सांगतो. काय बदलायचे ते ठरवण्याचे काम मिस्त्रीचे आहे, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतो ते त्याच कामाचे.