डोंगरमाथ्यावरचा मुक्काम

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण नेहमी ऐकतो. दुरून निळा दिसणारा डोंगर जवळ जाताच काट्याकुट्यांचा आणि दगडधोंड्यांचा निघतो, असा तिचा अर्थ आपण घेतो. परंतु ज्याला त्या डोंगरावर एक रात्र काढावी लागते, त्याला या म्हणीची खरी प्रचीती येते. डोंगर पाहणे निराळे आणि डोंगरावर राहणे निराळे. पाहण्यास डोळे पुरतात. राहण्यास छप्पर, पांघरूण, पाणी, ऊन अन्न आणि एखाद्या जाणत्या माणसाचा सल्ला लागतो. साध्या, गरीब प्रवाशाला या गोष्टी थोडक्या पैशांत कशा मिळतात आणि त्यांचे उरलेले मोल कोण देतो, ते आज आपण पाहू.

मुक्कामाची सोय करणे हे आपल्याकडे फार प्राचीन काळापासून पुण्याचे काम मानलेले आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पूर्वी लोक बैलगाड्यांतून येत, आता मोटारींतून येतात. कोणी धर्मशाळेत उतरतो, कोणी देवळाच्या ओवरीत पथारी टाकतो, तर कोणी ओळखीच्या माणसाच्या ओसरीवर शिदोरी सोडतो. याच जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव महाराष्ट्रातून थेट पंजाबापर्यंत गेले. तेथील घुमान या गावी त्यांचे स्मारक आहे. त्या काळी आगगाडी नव्हती, मोटार नव्हती. एवढ्या लांबच्या वाटेवर त्यांच्या रात्री कोठे गेल्या असतील? कोणाच्या तरी ओसरीवर, एखाद्या देवळात, नाहीतर एखाद्या धर्मशाळेतच. मोठ्या माणसांच्या मोठ्या प्रवासाला अनेक अनोळखी दारांनी हात दिलेला असतो. त्या दारांची नावे मात्र इतिहासात सापडत नाहीत.

आता औंढ्याच्या यात्रेकडून हिमालयातील केदारनाथाच्या यात्रेकडे वळू. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या पायथ्याचे ऋषीकेश त्याहूनही खाली आहे. केदारनाथ मात्र सुमारे ३,५८० मीटर उंचीवर वसलेले आहे. आमच्याकडचे अनेक शेतकरी आणि वारकरी आयुष्यात एकदा तरी तेथे जाण्याची इच्छा धरतात. देवळाची दारे वैशाखाच्या सुमारास उघडतात आणि भाऊबिजेला बंद होतात. पुढचे सहा महिने तेथे बर्फाचे राज्य असते.

पूर्वी ही यात्रा ऋषीकेशपासून पायी करावी लागे. वाटेत थोड्या थोड्या अंतरावर ‘चट्टी’ नावाचे थांबे असत. चट्टी म्हणजे गवताने शाकारलेली एक लांब पडवी आणि तिला लागून वाण्याचे दुकान. तेथे राहण्याचे भाडे नसे. यात्रेकरूने दुकानातून पीठ, डाळ, तूप, लाकडे विकत घ्यावीत. मग झोपायला जागा आणि स्वयंपाकाला भांडी दुकानदार फुकट देई. किती सोपा आणि शहाणपणाचा व्यवहार! दुकानदाराचा माल खपे आणि यात्रेकरूच्या खांद्यावरचे ओझे हलके होई. ज्यांच्याजवळ पीठ घेण्यापुरतेही पैसे नसत, त्यांच्यासाठी दानशूर लोकांनी सदावर्ते घातली. अंगावर काळी कांबळ पांघरीत म्हणून ‘काली कमलीवाले बाबा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या स्वामी विशुद्धानंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वाटेवर धर्मशाळा आणि सदावर्ते उभारण्याचे व्रतच घेतले. त्यांच्याही आधी, अठराव्या शतकात, महाराष्ट्राच्या कन्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी केदारनाथ-बदरीनाथाच्या वाटेवर धर्मशाळा बांधविल्या होत्या. राजधानी महेश्वरी, आणि सोय हिमालयातील वाटसरूची! ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याच्या थंडीची काळजी करणे यालाच औदार्य म्हणतात.

परंतु मुलांनो, उंचावरच्या मुक्कामात केवळ छप्पर मिळाले म्हणजे भागत नाही. तेथे निसर्गाचे नियम थोडे निराळे भासतात. आपण जसजसे वर जातो तसतशी हवा विरळ होते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र शेकडा २१ एवढेच असते; पण केदारनाथाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. म्हणजे एका श्वासात आपल्याला जेवढा प्राणवायू येथे मिळतो, तेवढा तेथे मिळत नाही. म्हणून छाती भरून येते, डोके दुखते, अन्नावरची वासना उडते, झोप लागत नाही. सुमारे अडीच हजार मीटरच्या वर हा त्रास कोणालाही होऊ शकतो. धडधाकट तरुणालाही तो चुकत नाही.

दुसरी गंमत चुलीवर दिसते. आपल्याकडे पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते. हवेचा दाब कमी झाला की ते कमी उष्णतेलाच उकळू लागते. केदारनाथाच्या उंचीवर सुमारे ८८ अंशांनाच आधण येते. पातेल्यातले पाणी खळखळते, वाफा निघतात, पण डाळ काही शिजत नाही! सरपण मात्र जळत राहते. म्हणून तेथील स्वयंपाक्याला वाफ कोंडून ठेवणाऱ्या कुकरचा मोठा आधार वाटतो. आणखी एक गोष्ट. दर हजार मीटर चढले की थंडी सुमारे सहा अंशांनी वाढते. थंडीने काकडलेले प्रवासी कधी कधी दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटवितात. हे फार घातक आहे. कोळशाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो झोपेतच गाठतो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नये.

अशा ठिकाणी धर्मशाळेचा व्यवस्थापक हा केवळ किल्ल्या देणारा माणूस नसतो. एका यात्रेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. वसमतकडचे एक वृद्ध शेतकरी आमच्या जथ्यात होते. दरवर्षी पंढरीची पायी वारी करणारा तो काटक माणूस. चढण संपवून धर्मशाळेत पोहोचताच त्यांनी गाठोडे ठेवले आणि तसेच दर्शनाला निघाले. दारातल्या पहाडी व्यवस्थापकाने त्यांची वाट अडविली. “बाबाजी, आधी बसा. देव कोठे जात नाही; दम मात्र जातो,” तो म्हणाला. म्हातारबाबा रागावले. “मी वारकरी आहे. चालणे मला कोणी शिकवू नये,” असे ते तडकून बोलले. व्यवस्थापक हसला, पण दारातून हलला नाही. त्याने त्यांना कोमट पाणी दिले, दोन कांबळी दिल्या आणि मऊ खिचडीची ताटली पुढे सरकविली. तासाभराने बाबांचे डोके असे ठणकू लागले की उठणेही अवघड झाले. व्यवस्थापक रात्रीतून तीन वेळा कंदील घेऊन त्यांच्या उशाशी येऊन गेला. “श्वास बरा आहे ना? बोलणे नीट आहे ना? नसेल तर रात्रीच खाली न्यावे लागेल,” असे त्याने आम्हांला बजावून ठेवले होते. पहाटे बाबांना बरे वाटले. हळूहळू, दहा पावले चालावे आणि थांबावे, असे करीत त्यांनी दर्शन घेतले. निघताना खोलीचे जे थोडे भाडे झाले, ते त्यांनी चुकते केले. मग व्यवस्थापकाचे दोन्ही हात धरून ते म्हणाले, “भाडं दिलं बाबा, पण तुझं देणं राहिलं.”

या एका वाक्यात स्वस्त मुक्कामाचे सगळे मर्म आले. खेचराच्या पाठीवरून वर आलेले पीठ, हिमात गोठणाऱ्या नळाचे पाणी, रात्री जागणारा माणूस, यांची किंमत भाड्याच्या पावतीत मावत नाही.

हे अनुभव केवळ हिमालयातलेच नाहीत. जगाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत, अँडीज नावाची सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची पर्वतरांग आहे. तेथे केदारनाथाइतक्या, किंबहुना त्याहून अधिक उंचीवर बारमाही नांदती शहरे आहेत. पेरू देशातील कुझको सुमारे ३,४०० मीटरवर, बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर आणि चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले पोटोसी तर ४,००० मीटरहूनही उंच आहे. आपण उपासाला जो बटाटा खातो, तो मूळचा याच डोंगरांतला!

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या प्रदेशावर इंका राजांची सत्ता होती. त्यांच्या राज्यातील रस्त्यांचे जाळे ३०,००० किलोमीटरहून अधिक लांब होते. २०१४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. या रस्त्यांवर ठिकठिकाणी ‘तांबो’ नावाची विश्रांतिगृहे असत. तेथे धान्य आणि कपडे साठविलेले असत. मात्र तांबो प्रामुख्याने राजाच्या कामावर निघालेल्या सैनिकांसाठी, जासूदांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी होते. आपली चट्टी मात्र कोणाही वाटसरूची होती. सोय दोन्हीकडे होती; पण एक राजाज्ञेतून निर्माण झाली, तर दुसरी व्यवहारातून आणि दानातून.

आज त्या शहरांत देशोदेशींचे प्रवासी येतात. थोड्या पैशांत राहायचे असेल तर तेही साध्या मुक्कामगृहांत उतरतात. अशा अनेक घरांच्या भिंती मातीच्या विटांच्या आणि जाड असतात; मध्ये आपल्या वाड्यासारखा चौक असतो. खोली उबदार ठेवण्याचे यंत्र सहसा नसते; त्याऐवजी जाड लोकरी पांघरुणे एकावर एक मिळतात. तेथील ऋतूही आपल्या उलटे. आपल्याकडे आषाढातला पाऊस कोसळत असतो, तेव्हा तेथे कडक हिवाळा असतो. आणि नव्या पाहुण्याला तेथील घरमालक काय सांगतो? “पहिल्या दिवशी विश्रांती घ्या. हळू चाला. हलके जेवा.” भाषा निराळी, डोंगर निराळा, पण सल्ला आपल्या पहाडी व्यवस्थापकाचाच!

पर्वत जसा आसरा देतो तसा इशाराही देतो. १६ आणि १७ जून २०१३ या दिवशी केदारनाथ परिसरात भयंकर पाऊस झाला. वरच्या बाजूचा चोराबारी तलाव फुटला आणि पाण्याबरोबर प्रचंड शिळा वाहत खाली आल्या. एक मोठी शिळा देवळाच्या मागे अडकली, प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले. परंतु भोवतालच्या कितीतरी धर्मशाळा आणि निवासगृहे नाहीशी झाली. वाटेवरचा रामबाडा हा थांबा तर समूळ वाहून गेला. हजारो माणसे प्राणास मुकली. यात्रेकरूंची गर्दी वाढली तशी नदीच्या जुन्या पात्रातही घरे उभी राहिली होती. नदी आपली वाट विसरत नाही. माणसे मात्र तिचे पात्र कोरडे पाहून ते विसरतात. या आपत्तीनंतर यात्रेकरूंची नोंदणी आवश्यक करण्यात आली आणि चढणीची वाटही काही भागात बदलावी लागली.

म्हणून डोंगरावरच्या पाहुण्याचीही काही कर्तव्ये आहेत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण तेथे अक्षरशः खरी आहे. पाणी जपून वापरावे. कारण ते कोणीतरी वाहून आणलेले असते. आपला कचरा आपल्याबरोबर खाली आणावा. थंडीत तो लवकर कुजत नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे तज्ज्ञ सांगतात. जेथे ते साधत नाही तेथे अलीकडच्या गावी एखादा दिवस अधिक राहावे. बसल्या जागी धाप लागू लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर लाज न धरता ताबडतोब खाली उतरावे. माघार घेण्यात तेथे कमीपणा नाही. जो उतरला तो पुन्हा चढू शकतो.

धर्मशाळेत कोणीच कायमचा राहत नाही. आपल्या आधी तेथे कोणी निजलेला असतो आणि आपल्यानंतर कोणी येणार असतो. आपण निघताना कांबळीची घडी नीट घातली, केर काढला आणि माठ भरून ठेवला, तर आपल्या आधीच्यांचे ऋण थोडेतरी फिटते. मग आपल्यानंतर थकून येणाऱ्या त्या अनोळखी वाटसरूला डोंगर जवळूनही साजराच वाटेल.

शब्दार्थ

ओवरी – देवळाच्या आवारातील कमानीची पडवी.
पथारी – अंथरूण.
सदावर्त – गरजूंना नित्य अन्न देण्याची व्यवस्था.
आधण – उकळते पाणी.
जथा – समूह.
जासूद – निरोप पोहोचविणारा दूत.

स्वाध्याय

१. चट्टीतील दुकानदार आणि यात्रेकरू यांच्यातील व्यवहार तुमच्या शब्दांत सांगा.
२. केदारनाथ येथे पाणी उकळूनही डाळ का शिजत नाही?
३. “भाडं दिलं बाबा, पण तुझं देणं राहिलं,” असे वृद्ध शेतकरी का म्हणाले?
४. चट्टी आणि तांबो यांतील साम्य व फरक लिहा.
५. ‘नदी आपली वाट विसरत नाही’ या वाक्याचा अर्थ २०१३ च्या आपत्तीच्या आधारे स्पष्ट करा.
६. तुमच्या गावात किंवा जवळच्या यात्रेच्या ठिकाणी जुनी धर्मशाळा असल्यास तिला भेट द्या. ती कोणी व कोणासाठी बांधली, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन दहा ओळी लिहा.