बालवाडीच्या उंबरठ्यावर

बालवाडीच्या पहिल्या दिवशी आई मुलाला सांगते, "रडू नको, मी येथेच आहे," आणि मूल खेळात रमले की हळूच निघून जाते. मूल मान वळवून पाहते, तो आई नाही! आमच्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आम्हीही हीच चूक केली. पुढे कित्येक दिवस त्याने आमचे बोट सोडले नाही.

मुळाक्षरे व अंक पाठ असले म्हणजे मुलाची शाळेची तयारी झाली, अशी पालकांची समजूत असते. परंतु खरी तयारी निराळीच आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे खेळणे न ओढणे, भीती वा राग शब्दांत सांगणे आणि मोठ्यांच्या शब्दावर भरवसा असणे, ही ती तयारी होय. म्हणूनच गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणातून भय आणि आमिष ही दोन्ही दूर ठेवली.

अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना प्रथम चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले. निम्म्या मुलांबाबत ते पाळले, उरलेल्यांबाबत मोडले. मग प्रत्येकापुढे एक मिठाई ठेवून, "थांबलास तर दोन मिळतील," असे सांगितले. वचन पाळले गेलेली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. फसवली गेलेली अवघी तीन! यावरून संयम हा केवळ उपजत गुण नव्हे, तो विश्वासावरही पोसला जातो, हे दिसून येते.

घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलाची भीतीही कोंकणीतच उमटते. "म्हाका भंय दिसता" असे ते म्हणाले, तर "मुलग्याने भिऊ नये" म्हणून त्याला गप्प करू नये. ज्याला आपल्या भावनेचे नाव घेता येते, त्याला ती आवरणेही हळूहळू साधते.

तेव्हा पालकांनी मुलाचा उघडपणे निरोप घ्यावा, परतण्याची वेळ त्याला कळेल अशा खुणेने सांगावी आणि ती पाळावी. विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडाला दिलेला शब्द तुम्हीही मोडू नका. दोन अश्रू गळाले तरी चालतील; विश्वासाला मात्र तडा जाऊ नये.