बुलबुलतरंग : पहिले धडे

बुलबुलतरंग हे नाव ऐकले की वाद्य अस्सल देशी वाटते. वास्तविक त्याचे जन्मगाव जपानमधील नागोया. मोरिता गोरो यांनी ते १९१२ साली, म्हणजे सम्राट तैशो गादीवर आले त्याच वर्षी तयार केले. म्हणून मूळ नाव तैशोगोतो; ‘कोतो’ हे जपानचे जुने, लांबलचक तंतुवाद्य. टंकलेखन यंत्रासारख्या कळा तारांवर बसविणे ही मोरितांची कल्पना. आपल्याकडे ते बेंजो म्हणून भजनात, कव्वालीत, मिरवणुकीत रुळले. (अमेरिकन बँजोशी त्याचे नाते केवळ नावाचे.)

आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, मी हे वाद्य एका भजनी मंडळातील वादकाजवळ बसून शिकतो आहे. नवशिक्या मित्रांना उपयोगी पडेल तेवढे येथे मांडतो.

डाव्या हाताने कळ दाबायची, उजव्या हातातील नखीने तार छेडायची. दाबलेली कळ तारेची लांबी कमी करते, म्हणून स्वर चढतो. कळ सोडली की मोकळी तार बोलते. सगळे मर्म येथेच आहे. मोकळी तार ‘सा’ धरली तर शिकणे सोपे जाते खरे, पण मंद्र सप्तकात उतरणारा अभंग वाजवायचा कोठे? त्याकरिता मोकळी तार मंद्र पंचमाला मिळवावी. मग पहिली कळ कोमल धैवत, दुसरी शुद्ध धैवत, तिसरी कोमल निषाद, चौथी शुद्ध निषाद आणि पाचवी षड्ज. पेटीवरचा मंद्र पंचम छेडून तार जुळवावी. बाजूच्या साथीच्या तारा सा-प मध्ये ठेवाव्यात. आता बोट चुकून उचलले गेले तरी पंचमच वाजतो, कानाला खटकत नाही.

दुसरा धडा आरोह-अवरोहाचा. दोन कळा एकदम दाबल्या तर वरच्या स्वराची कळ बोलते. त्यामुळे चढताना खालची दाबून ठेवून वरची दाबली तरी चालते. उतरताना मात्र खालची कळ आधी दाबून मग वरची सोडावी, नाहीतर मध्ये मोकळी तार डोकावते. अलंकार उतरत्या क्रमाने अधिक घोटावेत, ते याच कारणासाठी.

‘हे खेळणे आहे, यात मींड नाही,’ असे संगीताचे जाणकार सांगतात. आक्षेप खरा आहे. गायक गंधारावरून ऋषभावर घसरत येतो तेथे हे वाद्य पायऱ्या उतरते. पण मग पेटीचे काय? तिच्यातही मींड नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, १९७१ मध्ये ती अंशतः उठविली. मधल्या काळात गावोगावचे भजन काही पेटीवाचून थांबले नाही. जेथे सतार शिकविणारे कोणी नाही, तेथे स्वरस्थाने कानात बसविण्यास हे वाद्य पुरेसे आहे, असे माझे मत आहे. मींड गळ्याने म्हणावी आणि हाताने वाजवावे, म्हणजे उणीव नेमकी कोठे आहे तेही कळते.

मालकंसात पंचम वर्ज्य असल्याने मोकळी तार मंद्र मध्यमाला उतरवावी लागते. मग षड्ज सातव्या कळेवर जातो आणि सगळी बोटे नव्याने बसवावी लागतात. माझा अभ्यास सध्या तेथवर आला आहे.