परीक्षा कोण देतो आणि कोण घेतो?

हा धडा इंग्रजीचा असला तरी त्याची सुरुवात मराठीपासून करू या. मराठीत परीक्षा विद्यार्थी देतात आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत हे अगदी उलटे होते. तिथे विद्यार्थी 'टेक ॲन एक्झाम', म्हणजे शब्दशः परीक्षा घेतो आणि शिक्षक 'गिव्ह ॲन एक्झाम', म्हणजे परीक्षा देतात. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याच्या बाबतीत 'सिट ॲन एक्झाम' असेही म्हणतात. आपल्या बेळगावात त्यात आणखी एक भर पडते. कन्नडमध्ये परीक्षा 'लिहितात', म्हणून आपले कन्नड भाषक मित्र इंग्रजीतही 'राइट ॲन एक्झाम' म्हणतात. त्यांना कोणी हसू नये, कारण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे असे कॅनडातले विद्यार्थीही तसेच म्हणतात.

'आय गेव्ह माय एक्झाम' असे आपल्या देशात सर्रास बोलले जाते आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळतोही. पण परदेशातल्या विद्यापीठाने दूरध्वनीवरून मुलाखत घेतली आणि तुम्ही हे वाक्य उच्चारले, तर पलीकडच्या माणसाला क्षणभर वाटेल की तुम्ही परीक्षक आहात. 'टेक अ क्लास' या शब्दांचेही तसेच आहे. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये शिक्षक तास घेतात त्याला हे शब्द चालतात. अमेरिकेत मात्र त्याच शब्दांचा अर्थ विद्यार्थी म्हणून वर्गात शिकणे असा होतो.

असे का होते? 'टेक ॲन एक्झाम' मधल्या 'टेक' ने हातात काहीच घेतले जात नाही. 'टेक अ वॉक', 'हॅव अ लुक', 'गिव्ह अ शाउट', 'मेक अ मिस्टेक' ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. यांत खरा अर्थ नामात असतो आणि क्रियापद फक्त त्या नामाला वाक्यात उभे करते. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या 1942 साली निघालेल्या सहाव्या भागात अशा क्रियापदांना 'लाइट', म्हणजे हलकी, असे नाव दिले. वजन नामाचे, क्रियापद हमालाचे.

ही गोष्ट मराठी माणसाला नवी वाटायचे कारण नाही. आपण उडी मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, गप्पा मारतो, चक्कर मारतो आणि कधीमधी शाळेला दांडीही मारतो. यांत कुठेही मार बसत नाही (दांडीनंतर बसत असेल तो वेगळा). 'काढणे' तर याहून श्रीमंत आहे. फोटो काढतात, चित्र काढतात, तिकीट काढतात, कर्ज काढतात, डुलकी काढतात, लहान भावाची खोडी काढतात आणि गावी गेलेल्या आजीची आठवण काढतात. आता हे सर्व इंग्रजीत न्यायचे झाले तर एक 'काढणे' किती ठिकाणी फुटते ते पाहा. फोटो 'टेक' करायचा, चित्र 'ड्रॉ' करायचे, तिकीट 'बाय' करायचे, कर्ज 'टेक आउट' करायचे आणि डुलकी पुन्हा 'टेक' करायची. 'रिमूव्ह अ फोटो' म्हटलेत तर ऐकणारा तुमचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवील.

उलट दिशेनेही हेच घडते. मराठीत झोपेत स्वप्न पडते आणि मनात स्वप्न बाळगले जाते. क्रियापदे दोन, म्हणून अर्थही सहज वेगळे कळतात. इंग्रजी या दोन्हींसाठी 'हॅव अ ड्रीम' वापरते आणि अर्थाचा निवाडा संदर्भावर सोडते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टन येथे केलेले भाषण याच शब्दांनी ओळखले जाते. तिथे अर्थातच झोपेचा संबंध नाही. मात्र 'आय सॉ अ ड्रीम' हे आपल्याकडे नेहमी ऐकू येणारे वाक्य इंग्रजी कानाला परके लागते.

मुलांच्या वहीत सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे 'डू अ मिस्टेक'. मराठीत चूक करतात, अभ्यास करतात, गोंगाट करतात, बेत करतात, उपकारही करतात. इंग्रजीत ही कामे 'डू' आणि 'मेक' यांनी आपसांत वाटून घेतली आहेत. ज्यातून काहीतरी नवे निर्माण होते तिथे बहुधा 'मेक' येते: अ मिस्टेक, अ नॉइज, अ प्लॅन, अ प्रॉमिस. जे काम पार पाडायचे असते तिथे 'डू' येते: होमवर्क, अ सम, अ फेव्हर. हा नियम अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. पुढे पाठांतरच कामी येते आणि त्यात कमीपणा काही नाही. निर्णयाच्या बाबतीत तर 'मेक अ डिसिजन' आणि 'टेक अ डिसिजन' दोन्ही चालतात. दुसरे ब्रिटिश वळणाचे आहे आणि आपल्या देशातही रुळलेले आहे.

आता 'अ' या एका अक्षराकडे वळू. मराठीत असे उपपद नाही, म्हणून 'टेक बाथ', 'हॅव लुक' अशी वाक्ये आपल्या तोंडून सहज निघतात. हा 'अ' तिथे शोभेसाठी बसलेला नाही. 'आय वॉक टु स्कूल' म्हणजे मी शाळेला चालत जातो. 'आय टुक अ वॉक' म्हणजे मी एक फेरफटका मारला, जो सुरू झाला आणि संपलाही. मोजता येईल असा एक प्रसंग 'अ' दाखवतो. आपणही 'एक चक्कर मारून येतो' म्हणतो, तेव्हा त्या 'एक' चे काम जवळपास हेच असते. शिवाय नाम मोकळे असल्यामुळे त्याला विशेषण जोडणे सोपे जाते: 'अ लाँग वॉक', 'अ क्विक बाथ'. मराठीतही 'छान डुलकी काढली' असे म्हणणे किती सोयीचे आहे!

पण जे मोजता येत नाही त्याला 'अ' लागत नाही. 'गिव्ह ॲडव्हाइस', 'मेक प्रोग्रेस', 'डू होमवर्क' ही उदाहरणे घ्या. मराठीत सल्ले दोन-चार असू शकतात, म्हणून आपण फसतो. इंग्रजीत 'ॲडव्हाइस' पाण्यासारखा न मोजता येणारा आहे. काही जोड्यांत नाम क्रियापदाशी इतके एकजीव झालेले असते की 'अ' मध्ये शिरूच शकत नाही: 'टेक पार्ट', 'टेक प्लेस', 'टेक केअर', 'कॅच फायर'. तरीही सर्दीला मात्र 'कॅच अ कोल्ड'.

याच्या शेजारीच एक फरक आहे, तो पालकांनीही पाहावा. मूल शिकायला जाते ते 'गो टु स्कूल'. आई सभेसाठी जाते ती 'गो टु द स्कूल'. पहिल्यात शाळा हे काम आहे, दुसऱ्यात ती एक इमारत आहे. 'गो टु बेड' म्हणजे झोपायला जाणे, हेही त्याच वळणाचे. रुग्णालयाबाबत इंग्रजीची दोन घरे पडली आहेत. ब्रिटनमध्ये रुग्ण 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकेत 'इन द हॉस्पिटल'.

मग अभ्यास कसा करावा? उत्तर आपल्याच घरात आहे. मोल्सवर्थने 1831 साली मुंबईत प्रसिद्ध केलेल्या मराठी-इंग्रजी कोशात अनेक नामांच्या अर्थापाशी त्या नामाबरोबर येणारी 'कर', 'घे', 'मार', 'घाल' अशी क्रियापदेही नोंदवली आहेत. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला नुसता 'उडी' हा शब्द कळून भागत नाही, ती 'मारायची' असते हेही कळावे लागते, हे त्या कोशकारांना ठाऊक होते. पुढे शतकाहून अधिक काळाने ए. एस. हॉर्नबी या जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकाने, दोन सहकाऱ्यांसह, परभाषकांसाठी मुद्दाम तयार केलेला इंग्रजी कोश 1942 साली टोकियोत निघाला. ऑक्सफर्डने तो 1948 साली काढला आणि त्याच्या नव्या आवृत्त्या आज आपल्या मुलांच्या हाती असतात. त्यातही शब्द एकटा न देता वापरासह दिलेला असतो.

म्हणून शब्दार्थाच्या वहीत 'मिस्टेक म्हणजे चूक' एवढेच न लिहिता 'मेक अ मिस्टेक, चूक करणे' असे पूर्ण लिहावे. क्रियापद, 'अ' आहे की नाही ते, आणि नाम, असे तिन्ही एकत्र. शेजारी मराठीतले क्रियापद आवर्जून लिहावे, कारण चूक नेमकी तिथूनच उगवते. वर्गात मराठी उच्चारल्याने इंग्रजी बिघडते, असे काही पालक व विश्वस्त मंडळी कळकळीने सांगतात. या विषयापुरते तरी ते पटत नाही. ज्याला 'परीक्षा देणे' मधले 'देणे' दिसले नाही, त्याला 'टेक ॲन एक्झाम' मधला 'टेक' का चुकतो हे कसे उमगणार? ते न समजताच तो दहावीच्या उत्तरपत्रिकेत गुण गमावतो. मराठी माध्यमातल्या मुलाजवळ तुलनेसाठी दुसरी भाषा तयार आहे. बेळगावच्या मुलाजवळ तर कन्नड धरून दोन आहेत.

पुढील अंकापर्यंत ही वाक्ये इंग्रजीत लिहून आपल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवा. ताईने माझा फोटो काढला. मला काल वाईट स्वप्न पडले. आम्ही स्पर्धेत भाग घेतला. बाबा माझी प्रगती विचारायला शाळेत गेले. आजोबांनी जेवणानंतर एक डुलकी काढली. त्याने मला चांगला सल्ला दिला. अडलात तर कोश उघडा आणि क्रियापदाखाली न शोधता नामाखाली शोधा.