चि. मुक्तास, पिस्ताविषयी

दापोली

चि. मुक्ता,



तुझे फोटो पोचले. फोनवर तू जे विचारलंस ते फोनवर सांगून भागणारं नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. वाचून झालं की हे पत्र स्वयंपाकघरात आईबाबांच्या नजरेला पडेल असं लावून ठेव. यातलं बरंचसं त्यांनाही पाळावं लागणार आहे.

तू पिस्ताला, तुझ्या बजीला म्हणजे त्या छोट्या पोपटाला, ‘तो’ म्हणतेस. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती जी छोटी मऊ गादी असते तिचा रंग बघ. वयात आलेल्या नर बजीत ती सहसा निळी असते, मादीत तपकिरी किंवा फिकट. पिस्ताची तपकिरी आहे आणि जरा खरखरीतही दिसते. पिल्लांच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या आडव्या रेघा असतात, त्या पहिल्या पिसगळीत, म्हणजे तीनचार महिन्यांच्या सुमारास, मागे हटतात. पिस्ताचं कपाळ स्वच्छ पिवळं आहे आणि डोळ्यात बुबुळाभोवती पांढरं कडंही आलंय. म्हणजे ती चांगली मोठी झालेली मादी आहे. ती बोलायला कधी शिकेल, असं तू विचारलं होतंस. बोलण्यात नर पुढे असतात. गिनीज बुकात नोंद झालेला पक नावाचा कॅलिफोर्नियातला बजी 1,728 शब्द बोलायचा. माद्या क्वचितच बोलतात. तिच्याशी गप्पा मात्र रोज मार, तिला आवाजाची फार गरज असते.

आता पिंजऱ्यातलं ते मातीचं मडकं काढून टाक. आधीच्या घरच्यांनी हौसेने लावलं असेल, पण बजीसाठी मडकं म्हणजे घरटं. रानात हे पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. ढोलीसारखी अंधारी जागा समोर आली की मादी नर नसतानाही अंडी घालू लागते, आणि प्रत्येक अंड्यासाठी अंगातलं कॅल्शियम खर्ची पडतं. कधी अंडं आतच अडकतं आणि पक्षी दगावतो. आरसाही काढ. त्यातल्या पक्ष्याशी ती तासन् तास खेळत राहील, त्याला भरवायला बघेल, आणि तुझ्याकडे यायचं तिला कारणच उरणार नाही.

हा पक्षी मूळचा कुठला ते नीट समजून घे, म्हणजे मी सांगते ते नियम पाठ करावे लागणार नाहीत. बजी ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पाऊस पडेल, गवताला दाणा धरेल तिकडे मोठमोठे थवे उडत जातात, जमिनीवर उतरून दाणे टिपतात, पाणी आटलं की पुढची वाट धरतात. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने 1840 मध्ये ते जिवंत इंग्लंडला नेले, तिथून ते जगभरच्या घरांत गेले. रानातला बजी पिस्तासारखाच, हिरवा आणि पिवळा. निळे, पांढरे, करडे हे सगळे रंग माणसाने पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवले आहेत. माणसाच्या घरात त्यांना दोनशे वर्षंही झालेली नाहीत. कुत्र्यागायींच्या मानाने हा काळ काहीच नव्हे. म्हणून पिस्ता अजूनही मनाने थव्यातलीच आहे, आणि डोक्यावर ससाणा फिरत असतो हे तिच्या रक्तात आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली भीतीची. वरून खाली येणारा हात तिला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. म्हणून हात नेहमी बाजूने, तिच्या छातीच्या पातळीला किंवा खालून ने. पहिले काही दिवस तर पिंजऱ्यात हात घालूच नकोस. दाणापाणी बदलण्यापुरता गेला तर तेवढाच. शेजारी बसून अभ्यास कर, मोठ्याने वाच. मग राळ्याचं कणीस मिळव. राळे म्हणजे सोलापूरकडे भोगीला ज्यांचा भात करतात तेच. बजींना त्याचं वेड असतं. कणीस गजांतून धर, काही दिवसांनी दारातून, मग तळहातावर. ती मान लांब करून एक दाणा उचलेल आणि मागे सरेल. तेव्हा हात अजिबात पुढे करायचा नाही. पुढचं पाऊल तिचं असू दे. आठवडे लागतील, कदाचित महिने. मैत्रिणींना दाखवायचं म्हणून घाईने तिला मुठीत पकडलंस तर इतक्या दिवसांचं सगळं पुसलं जाईल.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी, आणि पत्र लिहायला बसले ती खरं तर तिच्याचसाठी. थव्यातला जो पक्षी आजारी दिसतो त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. म्हणून बजी आजार लपवतो. ताकद असेपर्यंत तो दांडीवर ताठ बसेल, खाण्याचं नाटकही करेल. आपल्याला आजार दिसतो तोवर बहुतेक वेळा बरेच दिवस उलटून गेलेले असतात. ‘काल तर चांगला होता’ असं लोक म्हणतात ते यामुळे. पिस्ता तुला काही सांगणार नाही. तूच बघायचंस.

बघायचं म्हणजे काय? रोज सकाळी पिंजऱ्याच्या तळाला नवा कागद घाल आणि जुना उचलताना त्यावरची शीट बघ. हिरवट-काळा भाग, पांढरा भाग आणि थोडंसं पाणी, अशी ती असते. तिची नेहमीची शीट कशी असते हे तुला पाठ झालं की बदल लगेच लक्षात येईल. आईचा स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आठवड्यातून एकदा घे, त्यावर छोटी दांडी ठेव आणि राळे दाखवून तिला त्यावर उभं राहायला शिकव. घरातले बजी साधारण 30 ते 40 ग्रॅमचे असतात. वहीत तारीख घालून वजन लिही. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचं तीनचार ग्रॅम वजन उतरलं तर पिसांवरून काही कळत नाही, काटा मात्र सांगतो. तेवढी घट डॉक्टरकडे जायला पुरेशी आहे. एका पायावर बसून, चोच किटकिट घासत डुलक्या घेत असेल तर ती मजेत आहे. पण भर दिवसा दोन्ही पायांवर पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली, श्वासागणिक शेपटी खालीवर होत असली, पिंजऱ्याच्या तळाशी उतरून बसली, तर ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायचं नाही. बजी दिवसभर उपाशी राहिला तरी जिवावर बेततं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत पिंजऱ्याच्या एका बाजूला जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ऊब दे. एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर तिला सरकता येईल. दुकानदार पाण्यात टाकायला औषध म्हणून जी पिवळी पूड देतात ती कधीच घालू नकोस.

डॉक्टर आजच शोधून ठेव, गरज पडण्याआधी. कुत्र्यामांजरांचे सगळे डॉक्टर पक्षी बघतात असं नाही. फोन करून ‘बजी तपासता का’ असं सरळ विचार. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं आहे आणि तुमच्या ठाण्याहून लोकलने जाता येतं, तिथेही बाबांना चौकशी करायला सांग.

खाण्याचं सांगते. नवशिक्यांकडून पक्षी उपाशी राहतो तो बहुतेकदा भरलेल्या वाटीसमोर. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी वरून भरलेलीच दिसते. रोज वाटीवर फुंकर मार, टरफलं उडव, खाली दाणा किती उरला ते बघ. दिवसाला दीडदोन चहाचे चमचे दाणे तिला पुरतात. राळे, बाजरी आणि दुकानातलं बारीक मिश्रण चालेल. सूर्यफुलाच्या बिया अगदी थोड्या, त्या तेलकट असतात. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या बजीला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि यकृतावर चरबी चढते. म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, मक्याचं कोवळं कणीस हे रोज थोडं थोडं दे. ती पहिल्यांदा ओळखणारही नाही. कोथिंबिरीची धुतलेली ओली जुडी पिंजऱ्याला टांग, आधी ती त्यात अंघोळ करेल, मग चोच लावेल. नवं खाणं सुरू केलंस म्हणून जुने दाणे एकदम बंद करू नकोस. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मीठ लावलेलं काहीही, सफरचंदाच्या बिया हे वर्ज्य. आजीला सांग, चिवड्यातला चुरमुराही नाही.

चोच घासायला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस लागतो. तो म्हणजे माकुलाच्या पाठीतला पांढरा, हलका सांगाडा. आमच्याकडे हर्णैच्या किनाऱ्यावर पुष्कळ वाहून येतो. पाणी बदलत बरेच दिवस भिजवून, उकळून, उन्हात वाळवलेले दोन तुकडे याच टपालात पाठवते आहे.

आता तुमच्या घराबद्दल, आणि हे आईसाठीही आहे. आपल्या फुफ्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने परत जाते. पक्ष्याच्या फुफ्फुसातून ती हवेच्या पिशव्यांच्या जोरावर एकाच दिशेने वाहत राहते, श्वास घेताना आणि सोडतानाही. उडणाऱ्याला प्राणवायू जास्त लागतो म्हणून ही सोय. पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात जातो. ब्रिटनच्या कोळसाखाणीत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी न्यायचे ते याचसाठी. रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून जास्त तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला फारसा जाणवत नाही, बजी मात्र काही मिनिटांत जातो. घरात पक्षी आहे तोवर लोखंडी तवाच वापरा. पिंजऱ्याच्या खोलीत डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, रूम फ्रेशनर, फिनाइलचा उग्र वास, काहीही नको. दिवाळीत खिडक्या लावून तिला आतल्या खोलीत ठेवा.

आणि पंखा. आपल्या घरांत बजींचा हा सर्वांत मोठा वैरी. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद झाला आहे, थांबला आहे, हे डोळ्यांनी बघायचं आणि बटणावर चिकटपट्टी लावायची. घरातलं माणूस सवयीने बटण दाबतं, त्याचा दोष नसतो. खिडक्यांना पडदे, बादल्यांवर झाकणं, गॅस बंद. हे सगळं जमत असेल तरच तिला बाहेर काढ, पण जमव. दिवसातून काही वेळ उडायला मिळालं पाहिजे. तिच्या पंखांची पिसं कापलेली दिसली तर घाबरू नकोस, पुढच्या पिसगळीत नवी येतील. तू मात्र कापू देऊ नकोस.

सध्याचा गोल पिंजरा उडायला निरुपयोगी आहे. बजी आडवा उडतो, म्हणून उंचीपेक्षा लांबी बघ. पाऊण मीटर लांब मिळाला तर उत्तम, आणि दोन गजांमधलं अंतर दीड सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या, शेवग्याच्या फांद्या धुऊन, वाळवून लाव, कमीजास्त जाडीच्या. सगळ्या एकाच जाडीच्या असल्या की पायावर दाब एकाच जागी येतो आणि जखमा होतात. पिंजरा एका बाजूने भिंतीला टेकलेला असू दे, टीव्हीपासून दूर. उघड्या बाल्कनीत नको, तिथे कावळे आणि घारी येतात. रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता. तुझी परीक्षा असली तरी तिच्या खोलीतला दिवा लवकर मालवायचा.

जोडीदाराचं तू विचारलंस. थव्यातला पक्षी एकटा ठेवणं मला पटत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की एका बजीने जांभई दिली की शेजारच्यालाही येते. इतकं त्यांचं लक्ष एकमेकांकडे असतं. तू शाळेत आणि आईबाबा कामावर असताना ती दिवसभर कोणाकडे बघणार? पण आधी दोनतीन महिने पिस्ताला रुळू दे. मग नर आण, कारण दोन माद्यांची भांडणं कधी रक्तापर्यंत जातात. नवा पक्षी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेव, त्याला हात लावल्यावर हात धुऊन मगच पिस्ताकडे जा. आणि मडकं तेव्हाही नाहीच. आजी जोडीला आपला हिरवा पोपट आणू म्हणते आहे, तिला प्रेमाने पण ठाम सांग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरात ठेवणं गुन्हा आहे, शिवाय त्याच्या चोचीपुढे पिस्ताचा निभाव लागणार नाही.

तुमच्या सोसायटीतले ते काका म्हणाले, पक्षी पिंजऱ्यात ठेवणं पाप आहे, सोडून द्या. त्यांचा कळवळा खरा आहे आणि दुकानातून पक्षी विकत आणायला माझाही विरोध आहे. पण पिस्ता पिंजऱ्यातच जन्मली. ठाण्यात तिचा थवा नाही, दाणा कुठे मिळतो ते तिला माहीत नाही. सोडलीस तर कावळ्यांपुढे दोन दिवस टिकणं मुश्कील. तिचं घर बदललं तेव्हा तू तिला आपणहून मागून घेतलंस, त्यामुळे पुढची आठदहा वर्षं ती तुझी. तोवर तू बारावी होशील, कॉलेजला, कदाचित दुसऱ्या गावी जाशील. तेव्हा तिला कोण सांभाळेल हे आईबाबांशी आत्ताच बोलून ठेव.

येत्या रविवारी वजन करून मला कळव. आणि डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावलास की त्याचा फोटोही पाठव, म्हणजे मला रात्री झोप लागेल. समुद्रफेस गजांना तारेने बांधताना टोकं बाहेरच्या बाजूला वळव, आत राहिली तर तिच्या पायात रुततील.

वहिनीला नमस्कार, दादाला सांग लोखंडी तवा मी आणून देते.

तुझी,
आत्या